पंखाची मागची कड

मी कवी माणूस. यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबला राहतो. आकाशाबद्दल बोलायची मला सवय आहे, पण ते कवितेतलं आकाश. तिथे पाखरू उडालं की उडालं, त्याला किती पेट्रोल लागलं असं कोणी विचारत नाही. आज मात्र मी एका छोट्या विमानाच्या पंखाबद्दल बोलणार आहे. त्यातही सबंध पंखाबद्दल नाही, पंखाच्या मागच्या कडेबद्दल. ही कड थोडीशी वर उचलली तर विमान वेगात बरं जातं म्हणतात. हा विषय माझ्या गळ्यात कसा पडला ते आधी सांगतो.

माझी भाची नागपूरला बीएस्सी करते. तिथे एनसीसीची हवाई तुकडी आहे, तीत ती आहे. गेल्या हिवाळ्यात सुटीवर आली ती एक कागद घेऊनच. उड्डाणाला पालकांची संमती असल्याचा तो कागद. तिचे वडील हयात नाहीत. माझी बहीण म्हणाली, ‘भाईजान, तुम्ही बीए झालात ना, तुम्हीच वाचा आणि तुम्हीच सही करा.’ मी बीए आहे हे खरं, पण मराठी वाङ्मय घेऊन. त्या पदवीवर आजवर मी ग्रामपंचायतीचे अर्ज लिहिले, लग्नपत्रिका तपासल्या, कोणाकोणाच्या नातवांची नावं सुचवली. विमान पहिल्यांदाच आलं.

बहिणीची पहिली हरकत विमानाच्या नावाला होती. त्या विमानाचं नाव ‘व्हायरस’. कोरोनाचे दिवस पाहिलेली कोणती आई आपल्या लेकीला व्हायरसमध्ये बसवेल? भाचीने सांगितलं, हे नाव कोरोनाच्या कितीतरी आधीचं आहे आणि आपल्याकडे त्याला ‘गरुड’ म्हणतात. २०१५ साली भारत सरकारने हवाई दल, नौदल आणि एनसीसी यांच्यासाठी अशी १९४ विमानं मागवली. ती बनवणारी कंपनी युरोपातल्या स्लोव्हेनिया या लहानशा देशातली, नाव पिपिस्ट्रेल. पिपिस्ट्रेल म्हणजे वटवाघूळ. आपल्या कौलांखाली, भिंतीच्या फटीत राहणाऱ्या चिमुकल्या वटवाघळांच्या प्रजातीचं शास्त्रीय नावही पिपिस्ट्रेलसच. गोष्ट अशी सांगतात की हा देश युगोस्लाव्हियात होता तेव्हा कोणी खाजगीत विमान बनवून उडवणं सरकारला खपत नसे. म्हणून कंपनीचे संस्थापक इव्हो बोस्कारोल आणि त्यांचे साथीदार आपली पहिली उडती यंत्रं तिन्हीसांजेला काढायचे. लोक म्हणायचे, ही बघा वटवाघळं निघाली. तेच नाव कंपनीने घेतलं. वटवाघळाच्या कंपनीचा व्हायरस! मी हे बहिणीला सांगितलं नाही.

तिची दुसरी हरकत मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये पतियाळ्याला एनसीसीचं याच जातीचं विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळलं होतं. चालवणारे विंग कमांडर गेले, सोबतचा छात्र जखमी झाला. ही बातमी तिला कोणीतरी फोनवर दाखवली होती. तेव्हा कागद माझ्यापुढे आला तो असा, त्या बातमीच्या सावलीत. मी म्हणालो, समजल्याशिवाय मी सही करणार नाही. भाची म्हणाली, ‘मामू, काय समजून घ्यायचंय ते विचारा.’

तिने फोनवर एक चित्रफीत दाखवली. विमान जमिनीवर उभं आहे. कोणीतरी आत बसून एक दांडा सरकवतो आणि पंखाची मागची सबंध कड हलते. आधी खाली जाते, मग आणखी खाली, मग परत सरळ होते. आणि शेवटी वर जाते. थोडीशीच, पण वर.

मी आयुष्यात विमानात एकदाच बसलो आहे. एका कविसंमेलनासाठी नागपूरहून मुंबईला गेलो होतो. खिडकी मिळाली ती नेमकी पंखाच्या मागे. विमान उतरायला लागलं तेव्हा पंखाच्या मागच्या पट्ट्या खाली-खाली सरकताना पाहिल्या होत्या. शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं, ते फ्लॅप. हळू उतरताना लागतात. तेव्हा फ्लॅप खाली जातात एवढं मला माहीत होतं. वर का जावेत? मला वाटलं, काहीतरी सैल झालंय. भाची हसली. म्हणाली, ‘सैल नाही मामू. याला रिफ्लेक्स म्हणतात. वेगात जाताना कड पाच अंश वर ठेवायची.’

या विमानात त्या कडेच्या चार जागा ठरलेल्या आहेत : पाच अंश वर, शून्य, नऊ अंश खाली आणि एकोणीस अंश खाली. मोठ्या विमानांत फ्लॅप वेगळे आणि विमान कलतं करणाऱ्या पट्ट्या, म्हणजे एलेरॉन, वेगळे. इथे दोन्ही कामं मागची एकच लांब पट्टी करते.

आता हे का, ते मला जसं समजलं तसं सांगतो. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढायचं पाप आपण सगळ्यांनी लहानपणी केलेलं आहे. (आता कोणी करू नये. कंडक्टर तेव्हाही ओरडायचा, तो बरोबर होता.) तळहात सपाट ठेवला तर हवा वरून-खालून निघून जाते. बोटं थोडी खाली वाकवून ओंजळीसारखा बाक दिला की हात वर उचलला जातो. पंखाचंही तेच. पंखाला बाक दिला की तो तेवढ्याच वेगात जास्त वजन उचलतो. मागची कड खाली करणं म्हणजे पंखाचा बाक वाढवणं. विमान हळू असतं, उडताना आणि उतरताना, तेव्हा हा बाक हवाच.

पण वेग वाढला की काय होतं? पंखाची उचल वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८० किलोमीटरचे २४० झाले, म्हणजे वेग तिप्पट झाला, तर तोच पंख त्याच कोनात नऊपट उचलेल. विमानाचं वजन तर तेवढंच आहे. गरुडाचं माणसांसकट सगळं वजन पावणेपाचशे किलोच्या आसपास, आपल्या बैलजोडीपेक्षा कमी. त्याला नऊपट उचल घेऊन करायचं काय? ते वरच चढत जाईल. म्हणजे वेगात असलेल्या पंखाने आपली उचलण्याची ताकद आवरून धरायला हवी.

इथे मी भाचीला अडवलं. ‘आवरायची असेल तर नाक थोडं खाली करावं. कडेला हात कशाला लावायचा?’

हे मी उगाच म्हटलं नव्हतं. माझे अब्बा पिंजारी होते. गाद्या-रजया पिंजायचे, आणि संक्रांतीच्या आधी महिनाभर पतंग करायचे. बोरीतली निम्मी पोरं त्यांचेच पतंग उडवायची. पतंगाच्या पोटाशी दोन गाठींनी दोरा बांधतात. अब्बा पोराला विचारायचे, आज उडवणार की उद्या? आणि आभाळाकडे बघून गाठ सरकवायचे. वारा मंद असेल तर पतंग वाऱ्याला जास्त छाती देईल अशी गाठ. वारा जोराचा असेल तर वरचा दोरा आखूड, म्हणजे पतंगाचं डोकं पुढे झुकतं आणि वाऱ्याचा मार कमी लागतो. पतंग तोच, बाक तोच, फक्त कोन बदलायचा. मला वाटलं, विमानाचंही एवढ्यावर भागावं.

भाची म्हणाली, ‘भागतं. बहुतेक विमानं तेच करतात. पण नानांच्या पतंगाला धड होतं का? शेपूट होती का?’ मग तिने माझ्याच वहीच्या मागच्या पानावर, एका अपुऱ्या गझलेच्या शेजारी, विमान काढलं.

तिचं म्हणणं तीन गोष्टींचं होतं. पहिली अगदी सोपी आहे. पंख धडाला पक्का जोडलेला असतो. पंखाचा कोन कमी करायचा तर सबंध विमानाने नाक खाली घालून जायचं. मग धड हवेतून सरळ न जाता तिरपं, खाली माना घालून चाललेल्या माणसासारखं जातं आणि हवेला जास्त अंग लागतं. कड वर केली तर पंखाचा बाकच कमी होतो. उचल तेवढीच हवी तेवढी मिळते आणि धड सरळ राहतं.

दुसरी गोष्ट पंखाच्या स्वतःच्या रोधाची. पाटाचं पाणी पाहिलं आहे का तुम्ही, सकाळी मोटार नुकतीच सुरू झालेली असताना? सारवलेल्या गुळगुळीत पाटात पाणी काचेसारखं सरकतं. एखादं ढेकूळ आलं की तिथून पुढे ते खळखळायला लागतं. पंखावरून जाणारी हवाही तशीच. आधी शांत थराने सरकते, मग विस्कटते. विस्कटली की पंखाला जास्त ओढ बसते. नव्या, गुळगुळीत पंखांचे आकार असे काढलेले असतात की हवा बराच अंतरापर्यंत शांत राहावी. पण ही मर्जी ठरावीक टापूतच सांभाळली जाते. त्याहून कोन फार वाढला तर पंखाच्या पाठीवरची हवा विस्कटते, फार कमी झाला तर पोटाखालची. मागची कड वर केली की तो शांततेचा टापूच सरकतो आणि वेगाच्या बाजूला येतो. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा हा आहे. कड वर केल्याने पंखात नवी ताकद येत नाही. पंख ज्या वेगासाठी सोयीचा असतो, तो वेग बदलतो, एवढंच.

तिसरी गोष्ट मला बैलगाडीमुळे चटकन कळली. गाडी भरताना माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. माल पुढे जास्त झाला तर सगळा भार बैलांच्या मानेवर. मग काय करतात? एखाद्या पोराला मागे बसवतात, तोल सावरायला. बाकदार पंखाची खोड अशी की तो विमानाचं नाक सारखं खाली दाबायला बघतो. ते सावरायला शेपटीला मागून खाली दाबून धरावं लागतं. म्हणजे शेपूट हे ते मागे बसवलेलं पोर. तोल सावरला खरा, पण त्या पोराचंही वजन शेवटी बैलांनाच ओढावं लागतं. शेपटीने खाली जेवढं दाबलं तेवढं पंखाने जास्त उचलायचं, आणि जास्त उचललं की जास्त रोध. कड वर केली की पंखाची नाक दाबायची खोड कमी होते आणि मागचं पोर उतरवता येतं. अगदी सगळं नाही उतरत, पण हलकं होतं.

हे सगळं ऐकून मी भारावलो. कवी लवकर भारावतात. म्हटलं, ‘मग विमान किती वेगाने पळत असेल!’ भाचीने माझा उत्साह दोन मिनिटांत उतरवला.

वेग वाढवायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. त्यामुळे उलटा हिशेब कंजूष निघतो. रोध शेकडा तीनने कमी केला तर त्याच इंजिनावर वेग वाढतो जेमतेम शेकडा एकने. समजा, कड वर करून एकूण रोध शेकडा पाचने कमी झाला, तर ताशी २०० किलोमीटरने जाणारं विमान २०३ ने जाईल, थोडं वर. नागपूर ते मुंबई हवेतलं अंतर सुमारे ७०० किलोमीटर. साडेतीन तासांच्या प्रवासात वाचली साडेतीन मिनिटं.

साडेतीन मिनिटं! आमच्या भागातून शकुंतला धावायची, मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला, तेव्हा ती एवढा वेळ नुसती उभ्याउभ्या विचार करण्यात घालवायची. गाडी बंद झाल्याला आता बरीच वर्षं झाली, पण तिच्या प्रवाशांना साडेतीन मिनिटांचं कौतुक कसं सांगावं? मी भाचीला तसं म्हणालोही. ती म्हणाली, ‘वेग वाढवू नका. वेग तोच ठेवा, मग तेवढंच पेट्रोल कमी लागतं. शंभराला पाच. टाकीच केवढी असते!’ हे मला जास्त पटलं. शेतकऱ्याच्या घरात शंभराला पाच काय असतात ते सांगावं लागत नाही.

शिवाय अशा शंभराला पाच आणि शंभराला दोनच्या बेरजेतूनच हे विमान नावाला आलं आहे. त्याचं इंजिन फक्त ८० अश्वशक्तीचं. पंख लांब आणि अरुंद, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेअकरा मीटर. अंग चकचकीत. अमेरिकेत २००७ आणि २००८ साली नासाच्या पैशांवर छोट्या विमानांच्या स्पर्धा झाल्या. वेग, कमी पेट्रोल, कमी आवाज अशा कसोट्या होत्या, आणि दोन्ही वेळा व्हायरसच पुढे राहिलं. २०१२ साली जानेवारी ते एप्रिल या काळात माटेव्ह लेनार्चिच नावाचे स्लोव्हेनियाचे वैमानिक याच घराण्यातल्या विमानात एकटे बसून पृथ्वीला फेरी मारून आले. हे काही एकट्या कडेचं यश नव्हे. पण तिचाही त्यात वाटा आहे.

ही युक्ती या एका कंपनीचीही नाही. अमेरिकेतली मौल नावाची विमानं ओबडधोबड माळरानावर उतरण्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचे फ्लॅप उतरताना भरपूर खाली जातात आणि प्रवासात सात अंश वर ठेवतात. लॅन्सएअर नावाची घरी जोडायची वेगवान विमानं आहेत, त्यांतही सात अंश. आरव्ही-१० नावाचं चार माणसांचं घरजोडणीचं विमान आहे, त्यात तीन. एवढंच काय, एअर इंडियाकडे २०१२ पासून असलेली बोइंग ७८७ ही अवाढव्य विमानं उंचावर सरळ जात असताना संगणकाच्या हुकमाने फ्लॅप थोडे-थोडे वर-खाली करत राहतात. इंधन जळून वजन कमी होतं तसा पंखाचा बाक बदलतात. प्रवासी झोपलेले असतात.

पण या युक्तीचं खरं घर म्हणजे ग्लायडर. बिनइंजिनाचं विमान. आपल्याकडे पुण्यात हडपसरला ग्लायडिंगचं केंद्र आहे, हे पुण्याच्या श्रोत्यांना माहीत असेल. ग्लायडर तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत घिरट्या घालून उंची कमावतं आणि ती उंची खर्च करत पुढच्या गरम हवेपर्यंत जातं. फ्लॅप असलेल्या ग्लायडरचा चालक घिरट्या घालताना कड खाली ठेवतो, कारण तिथे हळू उडायचं आणि जास्त उचलायचं असतं. पुढच्या ठिकाणी धाव घेताना तीच कड वर करतो. इंजिन नाही, त्यामुळे चूक झाली तर पैसे पेट्रोलपंपावर नाही, उंचीत मोजावे लागतात. आणि उंची संपली की कोणाच्या तरी शेतात उतरावं लागतं.

हे ऐकल्यावर मी चैत्रातल्या दुपारी अडाण नदीच्या काठावर घारी बघत बसलो. आता ज्ञान झालं होतं ना! पऱ्हाटी काढलेल्या काळ्या वावरावर घार पंख आणि शेपूट पसरून गोल गोल चढत जाते. पुरेशी वर गेली की पंख किंचित आखडून घेते आणि सरळ रेषेत निघते. मी पन्नास वर्षं घारी पाहिल्या. त्यांच्यावर दोन-तीन कविताही आहेत, पण घिरटीतला पंख आणि धावेतला पंख वेगळा असतो हे एकाही ओळीत नाही. ज्यांच्याकडे विमान नव्हतं त्यांनी घार नीट पाहिली. ज्यांच्याकडे यमक होतं त्यांनी ‘अपार’ शोधला.

मग सगळ्या विमानांना अशी वर जाणारी कड का नाही? बारामतीला किंवा इतरत्र मुलं ज्या सेसना विमानांवर उडायला शिकतात त्यांचे फ्लॅप शून्यावर येऊन थांबतात, वर जात नाहीत. कारण साधं आहे. पंखाचा आकार आणि तो धडाला जोडायचा कोन आधीच प्रवासाच्या वेगासाठी बसवलेला असेल तर कड वर करून हाती फारसं लागत नाही. उलट नको तिथे वर केली तर पंखाला हवी तेवढी उचल मिळवायला नाक वर करावं लागतं, आणि वाचवलेलं सगळं तिथे जातं. वर दांडे, बिजागऱ्या, त्यांचं वजन, त्यांच्या फटी. फटीतून हवा खालून वर निसटली तरी रोध वाढतो. तेव्हा ‘कड वर केली की विमान पळतं’ असं सरसकट सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ज्याला फार हळूही उतरायचं आहे आणि फार जोरातही जायचं आहे, अशा विमानाचा हा इलाज आहे. दोन टोकांमधलं अंतर जेवढं जास्त, तेवढा त्याचा उपयोग जास्त.

आता माझ्या सहीचा प्रश्न. मी भाचीला विचारलं, ‘आणि उतरताना कड वरच राहिली तर?’

ती एकदम उत्तरली नाही. म्हणाली, ‘हाच प्रश्न आम्हाला पहिल्यांदा विचारला होता.’ वर उचललेल्या कडेचा पंख वेगात शहाणा असतो आणि हळू वेगात दुबळा. ज्या वेगाला कड खाली असताना विमान आरामात तरंगतं, त्याच वेगाला कड वर असेल तर पंख हवा सोडून देऊ शकतो. त्याला स्टॉल म्हणतात. विमान तेव्हा उडत नसतं, पडत असतं. जमिनीजवळ सावरायला उंची नसते. म्हणून वेग कमी करायचा तर आधी कड शून्यावर, मग वेग आणखी उतरला की नऊवर, मग लागली तर एकोणीसवर. उड्डाणाआधीही तेच. दांडा कुठे आहे ते बघायचं, तोंडाने म्हणायचं, आणि मान वळवून खरोखर कड कुठे आहे ते बघायचं. ‘दांड्यावर भरवसा ठेवायचा नाही का?’ मी विचारलं. ‘ठेवायचा. आणि बघायचंही.’ शिवाय शेजारी प्रशिक्षक असतात, दांडा त्यांच्या हातात. आणि या विमानात सबंध विमानाला खाली आणणारं पॅराशूटही आहे. अर्थात तेही उघडायला थोडी उंची लागतेच, हेही तिनेच सांगितलं. मी विचारलं नसतं तर चाललं असतं.

पतियाळ्याचं तिने काही बोलून दाखवलं नाही. मीही काढलं नाही. तो अपघात कशाने झाला यावर घरी बसून तर्क करणं मला बरं वाटत नाही, आणि त्याचा या कडेशी संबंध जोडायला माझ्याकडे काही आधार नाही. पण बहीण दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, ‘म्हणजे हळू चालताना धोका, जोरात जाताना नाही?’ आमच्या रस्त्यांवर आयुष्य काढलेल्या बाईला हे उलटंच वाटणार. भाची म्हणाली, ‘अम्मी, हवेत तसंच आहे.’ बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि खिशातून पेन काढलं.

सही करताना मला अब्बांची आठवण झाली. पतंग पोराच्या हातात देण्याआधी ते दोऱ्याची गाठ दोनदा ओढून बघायचे. पैसे मग घ्यायचे.

महिन्याभराने एका रविवारी दुपारी नागपूरहून फोन आला. बहिणीने आधी विचारलं, जेवलीस का. मग फोन माझ्याकडे दिला. भाची धापा टाकत होती, जणू पळतच फोनपर्यंत आली होती. वीसेक मिनिटं वर होते, खाली संत्र्याच्या बागा, रांगाच रांगा, विणलेल्या चटईसारख्या, असं सांगत होती. मी म्हटलं, ‘ते राहू दे, कडेचं सांग.’

‘सरळ गेल्यावर सर म्हणाले, आता वेगाच्या काट्याकडे बघ. आणि दांडा सरकवला. विमान आधी जरासं खाली बसलं, एसटीने खड्डा घेतल्यासारखं. सरांनी नाक सावरलं. मग काटा हलला.’

‘किती?’

‘तीन, कदाचित चार. पण मामू, दुपारची हवा तापलेली होती, काटा तसाही थरथरत होता. नक्की नाही सांगता येणार.’

‘आणि कड? वर गेलेली दिसली?’

‘नाही. पंख डोक्यावर असतो, मान मागे वळवावी लागते. उडण्याआधी आणि उतरण्याआधी वळवून बघितली. तेव्हा मात्र वळवली नाही. मी काटाच बघत होते.’